दुकानावर फोटो लावू दिला तर २५ हजार जास्त. द्यावा का?

डबेवाली_हनुमाननगर

नमस्कार. मी नागपुरात हनुमाननगरला शिकणाऱ्या पोरांचे डबे करते, सध्या ३४ आहेत. दुपारचे डबे गेले की मंगळवारी टेकडीच्या गणपतीला जाते आणि खाली उतरल्यावर बर्डीच्या बाजारात लॉटरीचं एक तिकीट घेते. नऊ वर्षांत सगळ्यात मोठं बक्षीस ५०० रुपये. या वेळी राज्य लॉटरीचं ७ लाखांचं लागलं. नंबर मी चार वेळा पाहिला, मग मुलाला पाहायला लावला, मग यांचा चष्मा लावून पुन्हा पाहिला.

घरात आम्हा तिघांनाच माहीत आहे. आणि दुकानदाराला. तो म्हणून राहिला, काकू, तिकीट हातात धरून एक फोटो द्या, फ्लेक्स लावतो, खाली नाव आणि मोहल्ला. बातमीवाल्यालाही बोलावतो. बदल्यात स्वतःच्या पदरचे २५ हजार देतो म्हणे. फोटो पाहून वर्षभर गिऱ्हाईक येईल, त्याचा हिशेब काही चूक नाही.

२५ हजारांत कणीक मळायची मशीन येते. दिवसाला साडेतीनशे पोळ्यांची कणीक मी हातानं मळते, मनगटं रात्री ठणकतात. म्हणून नाही म्हणवत नाही.

पण जुलैत डब्याचे २,६०० चे २,८०० केले तर पोरं आठ दिवस तोंड पाडून होती. आता म्हणतील, काकू लखपती, दर कायले वाढवता? घरमालक वरच राहतो, करार दिवाळीनंतर संपतो. धाकटे दीर प्लॉटसाठी दोन वर्षांपासून पैसे मागून राहिले. त्यांना 'नाहीत' सांगते, कारण खरंच नसतात. असताना नाही कसं म्हणायचं, ते मला येत नाही बाप्पा.

हे म्हणतात घे, लोक चार दिवस बोलतात. मुलगा नको म्हणतो. तुम्ही काय केलं असतं?

हिशेबनीस_धरमपेठ

ताई, अभिनंदन. आधी आकडा कागदावर मांडा. ७ लाखांतून ३० टक्के, म्हणजे २,१०,००० कापूनच पैसे येतील. वर रिटर्न भरताना ४ टक्के उपकर, ८,४००. उरले ४,८१,६००. तुमचं उत्पन्न कमी आहे म्हणून कर माफ होईल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, लॉटरीच्या पैशाला ती सवलत नाही. नऊ वर्षांच्या तिकिटांचा खर्चही वजा होत नाही. फ्लेक्सवर मात्र ७ लाखच लिहिलेलं राहील, आणि दीर त्याच आकड्यावर मागतील.

फोटोचं नंतर ठरवा, तिकिटामागे सही-पत्ता आजच करा आणि दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा. नुसतं तिकीट म्हणजे ज्याच्या हातात त्याचं. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या एका बाईंना २०१८ साली ५६ कोटी डॉलरचं लागलं. त्यांनी मागे सही करून टाकली, तिथे ते नाव जाहीर होतं, म्हणून नाव झाकायला कोर्टात जावं लागलं. नाव झाकलं, गावाचं नाव नाही झाकलं. तुमचं नाव पॅनसकट सरकारकडे जाणारच आहे, त्याला इलाज नाही.

आणखी एक. कोणी तिकीटच रोखीत विकत मागेल, तुमच्या हातात पडणाऱ्या रकमेपेक्षा जास्त देतो म्हणेल. तो काळा पैसा पांढरा करणारा असतो, कर भरून त्याला 'लॉटरी लागली' असं दाखवायचं असतं. त्याला दारातूनच परत पाठवा.

शिवणगावचा_पोट्टा

काकू, मी उलटं सांगतो. घ्या पैसे.

आमची जमीन मिहान प्रकल्पात गेली. कोणाची किती गेली ते सगळ्या गावाले माहीत होतं. मोबदला आल्यावर ज्यांनी बोलेरो घेतल्या, पोरीच्या लग्नात हजार ताटं उठवली, त्यांच्याकडे पुढच्या वर्षी कोणी मागायले गेलं नाही. उरलंच काय होतं? आमच्या मामानं काहीच केलं नाही. घराले रंग नाही, नवी गाडी नाही, विचारलं की म्हणे चेक अजून आला नाही. लोक म्हणत, लपवून राहिला म्हणजे याच्याजवळ जास्तच असन. तीन वर्षं त्याच्या ओसरीवर चहा पिणाऱ्यांची रांग होती. चहापत्तीचा खर्च सांगू नये असा.

दुकानदाराले माहीत आहे म्हणजे बर्डीले माहीत आहे. फोटो द्या, मशीन घ्या, आणि त्याच दिवशी सगळ्यांना सांगा की बाकी रक्कम पाच वर्षांसाठी एफडीत टाकली.

राहुल_त्रिमूर्तीनगर

केरळचा किस्सा विसरले का सगळे? २०२२ च्या ओणम बंपर लॉटरीत तिरुवनंतपुरमच्या एका रिक्षावाल्याला २५ कोटी लागले. एजंटचं कमिशन आणि कर जाऊन १५ कोटी ७५ लाख मिळणार होते. आठवड्याभरात मागणाऱ्यांच्या गर्दीनं त्याला स्वतःच्या घरात राहता येईना. तिसरं बक्षीस लागलं असतं तर बरं, असं तो माणूस म्हणाला होता.

काकू, फोटो नका देऊ. आणि मेसमध्ये जागा असेल तर ३५ वा डबा माझा.

डबेवाली_हनुमाननगर

सगळ्यांचे आभार. सही केली, झेरॉक्स मुलानं काढून आणली.

हिशेबनीस भाऊ, तुम्ही लिहिलं आणि परवा तसा माणूस खरंच आला. पावणेसहा लाख रोख म्हणत होता. ९३,४०० जास्त होतात, तो गेल्यावर मी मांडून पाहिलं, खोटं कायले बोलू. पण एवढी रोकड तूरडाळीच्या डब्यात ठेवून मला झोप लागली नसती. आणि त्याला माझं घर कोणी दाखवलं, हे दुकानदाराला विचारलं तर तो वर पाहून राहिला.

शिवणगावच्या भाऊची गोष्ट वाचून हे रात्री किती वेळ हसत होते. पण दिरांना एफडी मोडता येते हे माहीत आहे.

मी दुकानदाराला म्हटलं, नुसता नंबर लाव, फोटो नाही, नाव नाही. तो ५ हजारांवर आला. म्हणजे माझ्या तोंडाचे २० हजार झाले की. हे म्हणाले, लग्नात तरी इतके कोणी धरले होते?

५ हजार रोख न घेता बँकेच्या खात्यात घेतले. काल फ्लेक्स लागला, 'भाग्यवान गृहिणी, हनुमाननगर' असं लिहून. मोहल्ला टाकू नको हे सांगायचं मी विसरले. संध्याकाळी डबा न्यायला आलेला पोरगा विचारून राहिला, काकू, आपल्या इथली कोण असेल हो? म्हटलं, असेल कोणी. डबा सरळ धर, रस्सा सांडतो.