हरताळ पाळायचा का फासायचा? (आणि मग संप म्हणजे काय)

माजिवडेकर:
मंडळी, जरा अडलोय. भाचीच्या कॉलेजात, ठाण्यातच, आंदोलनांतून निघालेल्या चित्रांचं आणि पोस्टरांचं छोटं प्रदर्शन लागतंय आणि मराठी पाट्यांचं काम माझ्या गळ्यात पडलंय. एक विभाग पॅरिसच्या मे १९६८ चा आहे, विद्यार्थी आणि कामगार दोघं रस्त्यावर उतरले होते तेव्हाची पोस्टरं, त्यातलं ते प्रसिद्ध आहे ना, कारखान्याची चिमणी म्हणजे वळलेली मूठ, तेही आहे. मी पाटी केली 'हरताळाची चित्रं'. तिथल्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या काढा ते, हरताळ फासणे म्हणजे पुसून टाकणे, आणि दुकानदार करतो तो हरताळ, कामगार करतो तो संप. मी तर लहानपणापासून 'आज हरताळ आहे' सरसकट ऐकलंय. काय ठेवू?

शब्दखोर:
दोन वेगळे शब्द आहेत हो, दिसायला जुळे. फासतात तो हरताळ म्हणजे संस्कृत हरिताल, गंधक आणि आर्सेनिकचं खनिज, पिवळाधम्मक आणि विषारी. पोथी उतरवणारा चुकला की त्या अक्षरावर हे फासायचा आणि वरून पुन्हा लिहायचा, त्या काळचा व्हाइटनर. पाळतात तो हरताळ गुजराती वळणाचा, हाट अधिक ताळुं, बाजाराला कुलूप. म्हणजे मॅडमनी दोघांची गाठ मारली.

ऐरोलीची आत्या:
आणि हरतालिका? त्या दिवशी स्वयंपाकघराला कुलूपच असतं की.

शब्दखोर:
नाही हो आत्या. आली म्हणजे सखी. सखीने हरण केलेली, पळवून नेलेली, ती हरतालिका.

ऐरोलीची आत्या:
बापाने विष्णूशी ठरवलेलं लग्न नको म्हणून पोरगी मैत्रिणीला घेऊन जंगलात जाऊन बसली, हे आंदोलन नाही तर काय? लावा तिचंही चित्र.

वाशी_सेक्टर:
संपाची गंमत सांगतो. आमच्या मजल्यावरच्या गुजराती काकांच्या भाषेत संप म्हणजे एकी. 'संप त्यां जंप' अशी म्हणच आहे त्यांची, एकी असेल तिथे शांतता. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी 'उद्या रिक्षांचा संप' टाकलं की काका उत्तर देतात, चला, एकदाचं जमलं त्यांचं. जुन्या मराठीतही संप म्हणजे जूट करणं, कट करणं, असाच अर्थ होता, काम बंद करणं नंतर चिकटलं. मला तरी आधी जूट आणि मग काम बंद हा क्रम आवडतो, त्यामुळे मूठवाल्या चिमणीला संपच शोभतो.

गिरणीवाला:
आमच्या घरी हरताळ हा शब्द कुणी काढला असता तर वडील हसले असते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापडगिरण्यांत काम बंद झालं तो संप. अडीच लाख माणूस बाहेर. आजही आई 'संपाच्या आधी घेतलेला पंखा' म्हणते, साल सांगत नाही. हरताळ म्हणजे संध्याकाळी शटर वर. मॅडम बरोबर आहेत.

शब्दखोर:
इतकं सोपं नाही ना. ६ एप्रिल १९१९ चा रौलट कायद्याविरुद्धचा हरताळ फक्त वाण्यांचा होता का? आणि सिलोनमध्ये १९५३ ला रेशनच्या तांदळाचा भाव वाढवला म्हणून जे झालं त्याला इतिहासात हरताळच म्हणतात, त्यात कामगार होतेच.

गिरणीवाला:
सिलोनची पाटी लावतायत का ते.

शुद्धमराठी:
मुळात पोस्टर कशाला? भित्तिपत्रक हा सुंदर शब्द असताना.

गिरणीवाला:
भित्तिपत्रक शाळेत लावतात, त्यावर सुविचार असतो.

उरणचा:
आमच्याकडं संप नाय नि हरताळ नाय, लढा म्हणतात. १६ आणि १७ जानेवारी १९८४, जासई आणि नवघर, सिडकोनं नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या भावासाठी, पाच जण गेले गोळीबारात. दिबांचा, म्हणजे आमचे पुढारी दि. बा. पाटील यांचा, लढा म्हटलं की लहान पोराला पण कळतं. नवी मुंबईच्या इतक्या जवळ प्रदर्शन लावताय तर पॅरिसच्या आधी जासई लावा, ते कुणाला सुचत नाही.

वाशी_सेक्टर:
+१. पण आता फ्लॅटची किंमत वाढवून मागतात त्यालाही लढाच म्हणतात.

उरणचा:
ज्याची जमीन गेली नाय त्याला सगळं सारखंच दिसणार.

काळवेळ:
एक कुणीच बोलत नाही. ती पॅरिसची पोस्टरं तिथल्या कलाशाळेचा ताबा घेऊन स्क्रीनवर छापली होती, एकावरही सही नाही, आणि छापणाऱ्यांनीच बजावून ठेवलं होतं की ही शोभेला लावू नका, कलेच्या दालनात टांगलीत तर त्यांचं काम आणि धार दोन्ही जाईल, यांची जागा रस्त्यावर आणि कारखान्यात. ती आता एसी हॉलमध्ये फ्रेम करून लागणार. यालाच हरताळ फासणे म्हणतात, मॅडमचा अर्थ घेऊनसुद्धा तुमची पाटी ठेवता येईल.

माजिवडेकर:
अहो प्रदर्शन माझं नाही, मला फक्त पाट्या करायच्यात. आणि पुढचा विभाग तर आणखी अवघड आहे. चिलीमध्ये १९७३ नंतर लष्करी राजवटीत ज्यांची माणसं गायब झाली त्या बायकांनी गोणपाटावर चिंध्या शिवून चित्रं केली, पोलीस, रिकाम्या खुर्च्या, काहींनी तर गेलेल्या माणसाचेच कपडे कापून लावले. तिकडे आर्पियेरा म्हणतात, त्याचा अर्थ गोणपाटच. याला मराठीत काय?

ऐरोलीची आत्या:
गोधडी. सरळ आहे.

शुद्धमराठी:
ठिगळचित्र.

गिरणीवाला:
गोधडी पांघरतात, हे भिंतीवर लागतंय. आणि आमच्याकडे साताऱ्याला वाकळ म्हणतात.

ऐरोलीची आत्या:
वाकळ जाड असते, आत जुन्या लुगड्यांचे थर. गोधडीवर नक्षी असते. नवऱ्याच्या शर्टाचं ठिगळ लावलंय तर गोधडीच.

गिरणीवाला:
शर्टाचं ठिगळ वाकळेलाच असतं आत्या. माझी आजी शिवायची.

माजिवडेकर:
शुक्रवारी पाट्या छापायला जातायत, हरताळ का संप एवढंच सांगा.

ऐरोलीची आत्या:
तुमची आजी जिला वाकळ म्हणायची ती पातळ होती का जाड?