मदत हवी आहे: खोलीचं भाडं जास्त म्हणून औषधांच्या बिलातूनही कपात?

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात बाबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून. बाबा आता ठीक आहेत. डोकेदुखी बिलाची आहे.

आधी तोंडी अंदाज मिळाला, "एक लाख दहा हजार, फार तर एक पंधरा." लेखी मागितलं तर "तसं देत नाही, पेशंटवर अवलंबून असतं." पॉलिसी पाच लाखांची, त्यात खोलीभाड्याची मर्यादा रोज ५,००० रुपये. दोघांच्या खोलीत जागा नव्हती म्हणून ७,५००ची सिंगल रूम दिली. रोजचे वरचे अडीच हजार भरायची आमची तयारी होती.

तीन दिवसांचं बिल आलं १,७२,०००. खोली २२,५००, सर्जन आणि भूलतज्ज्ञ ६२,०००, ओटी (ऑपरेशन थिएटर) १८,०००, नर्सिंग वगैरे ६,०००, तपासण्या १४,९००, आणि औषधं-कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायच्या वस्तू) ४८,६००. या शेवटच्या आकड्यात 'ओटी कन्झ्युमेबल्स २७,४००' ही एकच ओळ. काय वापरलं, किती वापरलं, काही नाही.

टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) सगळ्या बिलाला सरसकट एक-तृतीयांश कात्री लावली. ५७,३३३ रुपये काउंटरवर भरले तेव्हा सुटका झाली. खोलीभाडं मर्यादेबाहेर गेलं की त्याच प्रमाणात बाकीचं बिलही कापतात हे ऐकून होते, पण सलाइनची बाटली सिंगल रूममध्ये नेली की महाग होते का हो?

औषधांवरची आणि तपासण्यांवरची कपात नियमात बसते का? आणि ओटीच्या त्या एका ओळीचा तपशील हॉस्पिटलकडून कसा काढायचा? बिलिंगवाले "सिस्टिममध्ये असंच येतं" म्हणून बोळवण करतात. मी ठाण्यात राहते, फेऱ्या मारणं अवघड आहे.

प्रतिसाद (जुना टीपीएवाला):

ताई, औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्या यांवर प्रमाणशीर कपात करता येत नाही. आयआरडीएआयने (विमा नियामक) २०२० सालीच हे स्पष्ट केलंय. आयसीयूच्या खर्चालाही ती लावता येत नाही. म्हणजे तुमच्या ६३,५०० वरची कपात, साधारण २१ हजार, परत मागा. मात्र हातमोजे-मास्कसारख्या काही वस्तू बहुतेक पॉलिसींत मुळातच वगळलेल्या असतात, त्यांचे पैसे परत मिळणार नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. ज्या हॉस्पिटलात खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत, तिथे ही कपात अजिबात लागू होत नाही. सर्जनची फी जनरल वॉर्डात आणि सिंगलमध्ये एकच असेल, तर त्या ६२,००० मधूनही कापायला नको होतं. पण हे सिद्ध करायला हॉस्पिटलचं दरपत्रक लागतं. तेच कुणी देत नाही, आणि विमा कंपनीचं फावतं.

म्हणून आधी ईमेलने दोन गोष्टी मागा: बाबवार बिल आणि खोलीनिहाय दरपत्रक. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून ठरावीक सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. दाद दिली नाही तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार. हॉस्पिटलची नोंदणी त्यांच्याकडेच असते, त्यामुळे त्या पत्राची प्रत लावली की बिलिंगवाल्यांची सिस्टिम अचानक सुधारते.

विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला वेगळं पत्र पाठवा. टीपीएशी वाद घालण्यात वेळ घालवू नका, निर्णयाची जबाबदारी कंपनीची असते. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे (विमा तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी) जा. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत मात्र जा.

धागाकर्ती:

खूप आभार दादा. दोन्ही ईमेल आत्ताच पाठवले. एक शंका: डिस्चार्जच्या वेळी बाबांकडून "बिल मान्य आहे" अशा कागदावर सही घेतली होती. ती आडवी येईल का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.