राखी आणि शपथ देऊन मुलगे बदलत नाहीत

कऱ्हाकाठ :
काल इथे एका सदस्याने लिहिले की, रक्षाबंधनाला प्रत्येक शाळेत मुलींनी वर्गातील सर्व मुलग्यांना राखी बांधावी आणि मुलग्यांनी स्त्रीरक्षणाची शपथ घ्यावी, म्हणजे काही वर्षांत महिलांवरील अत्याचार आपोआप कमी होतील. त्या लेखनावर झालेला कौतुकाचा वर्षाव पाहून स्वस्थ बसवेना, म्हणून हा वेगळा धागा काढला आहे.

मी माध्यमिक शाळेत शिकवतो. ‘रक्षण’ करणारा भाऊ प्रत्यक्षात काय करतो, हे आम्ही शिक्षक रोज पाहतो. बहीण कोणाशी बोलली, कोणत्या रस्त्याने घरी गेली, याची तो नोंद ठेवतो आणि तिने ऐकले नाही, तर हात उगारतो. आमच्या शाळेतील आठवीच्या एका मुलाने बहिणीला भर रस्त्यात मारले, तेव्हा त्याच्या वडिलांनी मुख्याध्यापकांसमोर त्याचीच बाजू घेतली आणि भाऊ म्हणून त्याने कर्तव्य केले, असे सांगितले. या मुलाला आणखी एक शपथ देऊन काय साधणार आहे?

बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचारानंतर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही मुलग्यांना शिकवण्याची गरज बोलून दाखवली. शिकवायचे कसे, याचा अनुभव महाराष्ट्राकडे आहे. मुंबईत ‘मावा’ ही पुरुषांची संस्था १९९३ पासून स्त्रियांवरील हिंसा थांबावी म्हणून तरुणांबरोबर काम करते आहे. मुंबई महापालिकेच्या शाळांमध्ये सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी स्त्री-पुरुष समानता शिकवणारा ‘जेम्स’ हा उपक्रम राबवला गेला, त्यात ‘कोरो’ ही सामाजिक संस्था आणि टाटा समाजविज्ञान संस्था सहभागी होत्या. हरियाणातील ३१४ सरकारी शाळांच्या अभ्यासात सुमारे अडीच वर्षे वर्गात स्त्री-पुरुष समानतेवर नियमित चर्चा घेतल्यावर मुलामुलींची मते बदललेली दिसली आणि मुलगे घरकामात अधिक हात लावू लागले. अडीच वर्षांचे काम एका सकाळच्या कार्यक्रमात उरकता येईल, असे मानणे ही मुलग्यांचीही फसवणूक आहे.

वैनगंगा :
गुरुजी, राखीबद्दल तुमच्याशी माझे दुमत नाही. मतभेद पुढे आहे. हरियाणातील मुलगे घरकाम करू लागले, हे त्या मुलग्यांनीच सांगितले होते ना? त्यांच्या आयांना कोणी विचारले?

मी कौटुंबिक समुपदेशन केंद्रात काम करते. घरगुती हिंसाचाराचा कायदा २००६ मध्ये लागू झाला. पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे, आणि आमच्याकडे येणाऱ्या बायका वर्षानुवर्षे तारखा घेत राहतात. या कायद्याखाली बायकांच्या मदतीसाठी नेमलेल्या आमच्या तालुक्यातील संरक्षण अधिकाऱ्यांकडे दुसऱ्या योजनांचाही कार्यभार आहे. गेल्या पावसाळ्यात एक बाई दोन लेकरांना घेऊन रात्री केंद्राच्या दारात बसून होती, कारण तिला ठेवून घेईल असे निवारागृह जवळपास नव्हते. अशा वेळी पुरुषांच्या मनपरिवर्तनासाठी निधी मागितला जातो, तेव्हा मला संताप येतो. आधी त्या बाईला छप्पर द्या.

लातूरचा वकील :
या संपूर्ण चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे प्रत्येक मुलगा हा भावी गुन्हेगार आहे. माझ्या मेहुण्यावर ४९८-अ, म्हणजे बायकोच्या छळाच्या कलमाखाली गुन्हा दाखल झाला आणि त्याच्या वृद्ध आईलाही पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसवून ठेवण्यात आले. सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१४ मध्ये सांगावे लागले, ते काही उगाच नव्हे. सातवीतल्या निरागस मुलाला बसवून तू अत्याचारी वर्गाचा आहेस, असे शिकवणार असाल, तर माझ्या मुलाला मी त्या तासाला पाठवणार नाही.

कऱ्हाकाठ :
वकीलसाहेब, तुमच्या मेहुण्याच्या आईला झालेला त्रास खरा असेल, तो झाला नाही असे मी म्हणणार नाही. मात्र कोणत्याही मुलाला अत्याचारी म्हणा, असे मी कोठे लिहिले आहे, ते दाखवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ४४ टक्के पुरुषांनी आणि ४५ टक्के स्त्रियांनी काही ना काही कारणाने नवऱ्याने बायकोला मारणे योग्य ठरवले. ही शिकवण मुलाला घरात रोज मिळते. तिच्याविरुद्ध कोणी बोलूच नये, असा तुमचा आग्रह असेल, तर तुम्ही मुलाला निरागस ठेवत नाही, त्याला त्या शिकवणीच्या हवाली करता.

मोहफूल :
इतकी विद्वत्ता चालली आहे आणि दारूचा उल्लेख कोणीही केलेला नाही. मी चंद्रपूर जिल्ह्यातली आहे. २०१० मध्ये दारूबंदी मागायला चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर बायका पायी चालत गेल्या, त्यांत माझी मावशी होती. २०१५ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. बंदीच्या त्या वर्षांत मावशीच्या घरात शांतता होती. त्याच सर्वेक्षणानुसार, ज्यांचे नवरे वारंवार दारूच्या नशेत असतात, अशा स्त्रियांपैकी ७० टक्क्यांनी मारहाण किंवा लैंगिक बळजबरी सोसली आहे. मुलग्यांचे वर्ग घेण्याआधी भट्ट्या बंद करा.

वैनगंगा :
मोहफूल ताई, तोच आकडा पुढेही वाचा. ज्यांचे नवरे दारूला शिवतही नाहीत, अशा स्त्रियांमध्येही हे प्रमाण २३ टक्के आहे. त्यांना कोणती बाटली मारते? आमच्याकडे येणारे किती तरी नवरे पिऊन मारतात आणि सकाळी दारूवर दोष ढकलतात. तेच नवरे दारूच्या नशेत साहेबावर मात्र कधी हात उचलत नाहीत.

मोहफूल :
तुमच्या केंद्रात बसून हे सांगणे सोपे आहे, ताई. आडव्या बाटलीसाठी, म्हणजे गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी, मतदान घेऊन पाहिले आहे का तुम्ही? दुकान बंद करायचे तर मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, गावातील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. मतदानाच्या दिवशी आमच्या गावातील काही बायकांना नवऱ्यांनी घरात कोंडले होते. मजुरीला बाहेरगावी गेलेली बाई मत देऊ शकली नाही, तर तीही दुकानाच्या बाजूने मोजल्यासारखीच होते. आमदारकीला अशी अट कोणी लावली आहे का?

लातूरचा वकील :
बंदी असताना चंद्रपुरात चोरटी दारू घरपोच मिळत होती, हे सर्वश्रुत आहे. बंदीने हिंसा थांबत नाही.

मोहफूल :
घरपोच कोणाला मिळत होती? ज्याच्या खिशात दुप्पट पैसे होते, त्याला. मजूर दुप्पट पैसे देऊ शकत नव्हता, म्हणून मावशी वाचली. लातुरात बसून आमच्या गावाची हकिकत आम्हाला सांगू नका.

कऱ्हाकाठ :
धागा दारूबंदीकडे पूर्णपणे वळला आहे. तरी ताईंनी सांगितलेली एक गोष्ट सोडून देता येणार नाही. बायकांना कोंडून ठेवणारे नवरे त्या दिवशी शुद्धीत होते की नाही?

मोहफूल :
शुद्धीत होते. तेवढे मान्य करते, त्याहून अधिक नाही. भट्टी चालू ठेवून तुमच्या वर्गाचा उपयोग होणार नाही, या मतावर मी ठाम आहे.

वैनगंगा :
गुरुजी, वर्ग घ्या, माझी हरकत मागे घेते. पण दोन अटींवर. त्यासाठीचा पैसा शिक्षण खात्याच्या तरतुदीतून यावा, निवारागृहांच्या निधीला हात लागू नये. आणि त्या वर्गांचा उपयोग झाला की नाही, हे मुलग्यांना विचारून ठरवू नका. त्यांच्या बहिणींना विचारा, तेही भाऊ आणि वडील समोर नसताना.

कऱ्हाकाठ :
दुसरी अट मला मनापासून मान्य आहे. पहिली मान्य करणे माझ्या हातात नाही, तरी शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत मी ती लेखी मांडीन. वकीलसाहेबांनी त्या तासाला पालक म्हणून मागच्या बाकावर येऊन बसावे, असे मी त्यांना जाहीर निमंत्रण देतो.

लातूरचा वकील :
येईन. मुलाला पाठवायचे की नाही, ते ऐकल्यावर ठरवीन.