पुठ्ठ्याच्या खोक्यांसाठी स्पर्धात्मक दर मागवताना अटी कशा ठरवाव्यात? (मदत हवी आहे)

नमस्कार.

भोसरी एमआयडीसीत आमचा यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा लघुउद्योग आहे. पाच प्लायचे (कागदाच्या पाच थरांचे) खोके आम्ही वर्षानुवर्षे एकाच पुरवठादाराकडून घेत आलो. त्याने दरवाढ सांगायची आणि आम्ही थोडी घासाघीस करून ती मान्य करायची, अशीच रीत होती. यंदा प्रथमच चौघांकडून कोटेशन मागवले, तर दरांतली तफावत पाहून आनंदापेक्षा शंकाच अधिक आली.

बारकाईने पाहिले तेव्हा चौघांनी चार वेगळ्या खोक्यांचे दर दिल्याचे दिसले. एकाने सर्व थरांना १५० जीएसएमचा (दर चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचा) कागद धरला होता, दुसऱ्याने आतले थर १२० जीएसएमचे धरून दर खाली आणला होता. एकाचा दर पोच (वाहतुकीसह), तर दुसऱ्याचे भाडे वेगळे. सर्वांत स्वस्त पार्टीचा नमुना उत्तम होता, पण चाचणीपुरत्या मागवलेल्या लॉटमधला रिकामा खोका काट्यावर नमुन्यापेक्षा चांगलाच कमी भरला.

म्हणून आता सर्वांना एकच लेखी स्पेसिफिकेशन देऊन बंद पाकिटात पोच दर नव्याने मागवायचे आहेत. त्यात प्रत्येक थराचा जीएसएम, खोक्याचे किमान वजन आणि दाब सहन करण्याची क्षमता घालणार आहे, कारण ट्रकमध्ये थर रचल्यावर तळाचा खोका बसतो तो वरच्या भाराने, आणि नुसत्या बर्स्ट फॅक्टरवरून (वजनाच्या मानाने कागद फुटण्याला किती विरोध करतो, त्या मापावरून) त्याचा अंदाज येत नाही. एकाचे कोटेशन दुसऱ्याला दाखवून दर पाडावा, असेही काहींनी सुचवले. ते मला पटत नाही, शिवाय पुढच्या खेपेला सगळे दर फुगवूनच देतील.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे. सगळी ऑर्डर एल-वनला (सर्वांत कमी दर देणाऱ्याला) द्यावी, की दुसरा त्याच दराला तयार झाल्यास ६०:४० वाटावी? क्राफ्ट कागदाचा भाव सतत हलतो, तेव्हा तिमाही दरबदलाच्या अटीला आधार कशाचा धरावा? पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे करारानेही ४५ दिवसांपलीकडे उधारी ठेवता येत नाही. मग उलट आठवड्यात पैसे देण्याची हमी दिल्यास दर कितपत उतरतो, याचा कोणाला अनुभव आहे का? आणि जुना पुरवठादार सकाळी फोन केला की संध्याकाळपर्यंत खोके पोचवतो, या सोयीची किंमत दरांच्या तुलनेत कशी धरावी?