मदत हवी आहे : समुपदेशनातही मी कमीच पडतेय

नमस्कार. वय ४३, नाशिक. एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. मुलगी दहावीला, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय.

मार्चअखेरीला ताळेबंदात अठरा रुपयांचा फरक येत होता. रात्री साडेनऊला सापडला, सगळं जुळलं. तरी घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले. एवढंही आपल्याला वेळेत जमू नये? बाकीच्या बायका घर, नोकरी, आजारपणं सगळं निभावतात, माझंच कुठे बिनसतं? पहाटे तीनला जाग येते आणि हेच सुरू होतं. यजमान म्हणतात, "इतकं काय लावून घेतेस!" ते प्रेमानेच म्हणतात, पण मग लावून घेण्याचीही लाज वाटते.

फॅमिली डॉक्टरांनी आधी थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासलं. ठीक निघालं. मग त्यांनीच एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी नैराश्य किती आहे ते बघणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. २७ पैकी १३, म्हणजे मध्यम. गोळ्यांची गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवीन, आत्ता बोलून आणि लिहून काम करू, असं म्हणाल्या. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ च्या सुमाराला मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत त्या वापरतात. घडलेल्या प्रसंगापेक्षा त्याबद्दलचा आपला हट्टी विचार जास्त छळतो, असं त्यात धरतात. वहीत तीन रकाने: काय घडलं, मनात काय आलं, त्यातून काय वाटलं. मी लिहिलेल्या वाक्यांतले 'च' त्यांनी मलाच शोधायला लावले. 'मला जमलंच पाहिजे.' 'चूक होताच कामा नये.' एका पानावर अकरा निघाले. त्या दिवशी खरंच हलकं वाटलं होतं.

अडचण पुढे आली. चौथ्या सत्राआधी आठवडाभर मी काहीच लिहिलं नव्हतं. आदल्या रात्री बसून सात दिवसांच्या नोंदी एकदम लिहिल्या, रोजच्या वाटाव्यात म्हणून पेनं बदलून. बाईंनी वाचून "छान" म्हटलं. त्या शब्दाने आतून कसंतरी झालं. त्यानंतरच्या दोन वेळा काहीतरी कारण सांगून रद्द केल्या. जिथे कमी पडण्यावर इलाज करायला गेले, तिथेही कमी पडले आणि वर खोटं बोलले.

हे त्यांना सांगावं का? की दुसरं कोणी शोधावं? रोज लिहिणं होत नसेल तर तुम्ही काय केलंत?

प्रतिसाद १
ताई, दुसरं कोणी शोधू नका, निदान आत्ता तरी. मीही यातून गेलोय. सहाव्या सत्राला कोरी वही पुढे ठेवली, तेव्हा कुठे माझं खरं काम सुरू झालं. तुमची पेनं बदलल्याची रात्र हीच एक पूर्ण नोंद आहे. घडलं: लिहायचं राहिलं. मनात आलं: बाईंना मी शहाणी विद्यार्थिनी वाटलेच पाहिजे. वाटलं: भीती, शरम. तिथेही 'च' आहे बघा. त्या शाळेच्या बाई नाहीत, वही तपासून गुण द्यायला बसलेल्या नाहीत.

तोंडाने सांगणं जड जात असेल तर हाच मजकूर त्यांना वाचायला द्या. रोजचं लिहिणं मला कधीच जमलं नाही. आठवड्यातून दोनदा, लोकलमध्ये, मोबाइलवर दोन ओळी, एवढंच ठरवून घेतलं. तेवढ्यानेही भागलं.

एक विचारतो, राग मानू नका. त्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न, जिवाचं बरंवाईट करण्याबद्दलचा, त्याचं उत्तर काय होतं? तसे विचार येत असतील तर पुढच्या सत्राची वाट बघू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर चोवीस तास असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

धागाकर्ती
नवव्याला शून्य होतं, आजही शून्यच आहे. विचारलंत, बरं वाटलं. बाईंना आत्ताच मेसेज केला: "मागच्या वेळच्या नोंदींबद्दल काही खरं सांगायचंय." गुरुवारी साडेपाचची वेळ दिलीय. वही आहे तशीच नेते.