सोयरिकीतून तह आणि सोयरिकीतूनच स्वारी

राजघराण्यांतल्या सोयरिकी युद्धं टाळण्यासाठी होत्या असं म्हणतात, पण ते मला अर्धंच खरं वाटतं. कॅस्टिलची (आजच्या स्पेनमधलं तेव्हाचं राज्य) राजकन्या ब्लांश, तिचं उदाहरण बघा. १२०० साली इंग्लंडचा राजा जॉन आणि फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप यांच्यात ल गुलेचा तह झाला. जॉनची भाची फिलिपच्या मुलाला, लुईला, द्यायची ठरली. मुलगी आणायला गेली कोण? तिची आजी, म्हणजे जॉनची आई, अ‍ॅक्विटेनची एलिनॉर. पंचाहत्तरी उलटलेली ही बाई पिरनीज पर्वत ओलांडून कॅस्टिलला गेली आणि थोरल्या बहिणीऐवजी, उर्राकाऐवजी, १२ वर्षांच्या ब्लांशला घेऊन आली. त्या वयात केवढी ही धडाडी!

तह दोनेक वर्षांतच मोडला, नातं मात्र उरलं. १२१६ मध्ये जॉनवर उठलेल्या सरदारांनी लुईला बोलावलं, तेव्हा त्याने इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगितला तो बायकोच्या नात्याने. ती जॉनच्या बापाची, इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीची, नात ना! पुढच्या वर्षी तो अडचणीत आल्यावर फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅले बंदरात जहाजं आणि माणसं जमवली तीही ब्लांशनेच. त्या कुमकेचा समुद्रावरच पराभव झाला, लुई हरला. पण १२२६ मध्ये तो वारल्यावर अज्ञान मुलाच्या नावाने फ्रान्सचा कारभार तिनेच हाकला आणि बंडखोर सरदारांना वठणीवर आणलं.