कमरेचे मानांकन : एमआरआयपेक्षा अंश महत्त्वाचे

अमेरिकी सैन्यातून निवृत्त झालेल्या आपल्या बंधूंची अपंगत्वाच्या मानांकनात (भरपाई ठरवणाऱ्या टक्केवारीत) वाढ करण्याची मागणी, एमआरआयमध्ये बिघाड वाढलेला दिसत असूनही, फेटाळली गेली आणि कमरेचे मानांकन २० टक्केच राहिले, असे आपण लिहिले आहे. व्हेटरन्स अफेअर्स या माजी सैनिकांसाठीच्या अमेरिकी सरकारी खात्याच्या नियमांत हे मानांकन मुख्यतः चित्रणावर नव्हे, तर पुढे किती अंश वाकता येते यावर ठरते. ३० अंशांहून अधिक परंतु ६० पर्यंत वाकता आल्यास २० टक्के, आणि ३० किंवा त्याहून कमी असल्यास ४० टक्के मिळतात.

मानांकनासाठीची वैद्यकीय तपासणी अनेकदा नेमकी दुखणे कमी असलेल्या दिवशी होते, आणि हे मला मनापासून अन्यायकारक वाटते. म्हणूनच २०१७ च्या शार्प विरुद्ध शुल्किन या न्यायालयीन निकालाचा आधार अवश्य घ्यावा. दुखणे उसळते तेव्हा हालचाल किती घटते, हे परीक्षकाने रुग्णाकडून जाणून घेऊन त्याचा अंदाज शक्यतो अंशांत द्यावा, आणि ती उसळी आपल्यासमोर आली नाही एवढ्याच कारणावर अंदाज टाळू नये, असे त्यात म्हटले आहे. उसळीच्या दिवसांची नोंदवही आणि वहिनींचे लेखी निवेदन येथे फार उपयोगी पडेल.

पायात कळ किंवा बधिरता जात असल्यास त्या मज्जातंतूच्या त्रासाचे मानांकन स्वतंत्र मिळते. तेही तपासून पाहावे.

वरिष्ठ फेरतपासणीत (वरिष्ठ अधिकाऱ्याकडून निर्णयाच्या फेरविचारात) नवा पुरावा स्वीकारला जात नाही, त्यामुळे या नोंदींसह पूरक दावा (नव्या पुराव्यासह पुन्हा केलेला दावा) दाखल करावा, आणि तो मागणी फेटाळल्याच्या निर्णयापासून एका वर्षाच्या आत करावा, म्हणजे भरपाई मोजण्यासाठी मूळ दाव्याची तारीख कायम राहू शकते.